डाफ्निया की झेब्राफिश?

कारखान्याच्या सांडपाण्याची विषाक्तता मोजायला डाफ्निया (गोड्या पाण्यातला अगदी बारीक कवचधारी जीव) आणि झेब्राफिश (लहान पट्टेरी मासा) यांतलं काय घ्यावं, असं एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं.

वेळ आणि खर्च पाहिला तर डाफ्निया सरळ पुढे. चाचणी 48 तासांची. 24 तासांपेक्षा लहान पिल्लं घ्यायची, पेला हलक्या हाताने हलवायचा आणि 15 सेकंदांत जे पोहत नाही ते निश्चल धरायचं. भिंगाखाली त्याचं धडधडतं हृदयही दिसतं. मात्र पिल्लं हवी तेव्हा मिळावीत म्हणून शेवाळ खाऊ घालून वसाहत सतत जोपासावी लागते. नवखे इथेच कंटाळतात.

झेब्राफिशला 96 तास, टाक्या आणि जास्त पाणी लागतं. शिवाय मासे तडफडून मरतात, हे मला खरोखर खुपतं.

संवेदनशीलता विषावर ठरते. तांबं आणि कीटकनाशकं डाफ्नियाला आधी मारतात. अमोनियाने मासे लवकर दगावतात.

नियमाचं मात्र वेगळं: आपल्याकडे सांडपाण्याच्या निकषात 96 तासांनंतर 90 टक्के मासे जगले पाहिजेत, असं आहे. अनुपालनाचा अहवाल हवा तर मासेच. अनेक नमुन्यांची चाळणी किंवा प्रकल्पाचं काम असेल तर डाफ्नियाच घ्या.