आवाजही गेला, 11,210 रुपयेही गेले

आधी आकडा सांगते: 11,210 रुपये. घरबसल्या स्क्रिप्ट वाचून आवाज रेकॉर्ड करायचं काम देतो म्हणणाऱ्यांनी ते माझ्याकडून उकळले. त्यात 2,950 'परत मिळणारं डिपॉझिट', फाइलमागे 1,180 प्रमाणे फेरतपासणीचे 3,540 आणि वरून 'क्वालिटी सर्टिफिकेट'चे 4,720. माझ्या आवाजातलं मराठी रेकॉर्डिंग त्यांनी फुकटात ठेवून घेतलं ते वेगळंच.

घरबसल्या कामाच्या नावाखाली काय चालतं हे तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. 'लाइक करा, पैसे कमवा' वाल्यांना मी दारातही उभं करत नाही. पण इथे काम खरं वाटत होतं. स्क्रिप्ट नीट, मागणी नेमकी: मोनो म्हणजे एकाच चॅनेलची वेव्ह फाइल, आवाजाचं टोक (पीक) उणे 3 डेसिबलच्या आत, मागची खरखर (नॉइज फ्लोअर) उणे 60 च्या खाली. ऑडिओबुकवालेही आवाजाच्या याच मर्यादा मागतात. यातलं कळणाराच यात अडकतो. आणि मी काही नवखी नाही. आमच्या भागात कृषी केंद्राच्या ऑटोवर भोंगा फिरतो, त्यातला आवाज माझाच.

पहिली फाइल 38 मिनिटांची. पाठवली आणि चार मिनिटांत उत्तर: 'रिव्ह्यूत नामंजूर. खोलीत एको, मागे ट्रॅफिक.' 38 मिनिटांची फाइल चार मिनिटांत कुणाच्या बापाने ऐकली? हे तेव्हाच खटकायला हवं होतं! अजून आठवलं की डोकं तापतं. अन् एको कुठला? आमचं गाव यवतमाळ-वर्ध्याच्या कापूसपट्ट्यातलं. भाव वाढेल म्हणून मधली खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. सगळे निजल्यावर पंखा बंद करून, त्या गंजीला पाठ लावून मी रेकॉर्ड करते. तिथे टाळी वाजवली तरी आवाज जागीच विरतो. शहरातले स्टुडिओवाले त्यासाठी भिंतींना फोम लावतात. आणि ट्रॅफिक म्हणे! रात्री दोनला आमच्या गल्लीतून बैलबंडीसुद्धा जात नाही.

पण माणूस आधी आपल्याच माइकवर शंका घेतो. त्यांनी इंग्रजीत रिपोर्ट पाठवला, गुण दिलेले, खाली शिक्का. त्या साली सोयाबीन हातचं गेलं होतं. घरात चार पैसे येतील म्हणून कुणीही फेरतपासणीचे पैसे भरले असते.

डिपॉझिट 2,500 आणि त्यावर 450 जीएसटी लावला होता. परत करायच्या ठेवीवर जीएसटी लागत नाही, हे मला नंतर एका सीएनं सांगितलं. पावतीवर जीएसटी नंबरच नव्हता. तुम्ही आधी तो बघा.

कहर पुढेच आहे. तीच नामंजूर फाइल ते आता 'आमच्या कलाकारांचा नमुना' म्हणून नव्या लोकांना पाठवतात. ओळखीच्या एका ताईंनी मला ऐकवली. मध्येच पाल चुकचुकते, तीसुद्धा तशीच आहे. त्यांना एको, ट्रॅफिक सगळं ऐकू आलं, अन् पाल तेवढी ऐकू आली नाही!

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार नोंदली, तक्रारीचा नंबर मिळाला. पण पैसे जाऊन बरेच दिवस झालेले, तोवर ते खात्यातून पुढे सरकले होते. पैसे गेल्याबरोबर फोन करा, घरी सांगायची लाज वाटते म्हणून थांबू नका. ठाण्यात म्हणाले, मॅडम, रक्कम लहान आहे, जिल्ह्याला सायबरकडे जा. जिल्ह्याला म्हणाले, पोर्टलवर टाकली ना, मग वाट पाहा. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा. एक साहेब तर हसले: 'आवाज चोरला म्हणजे नेमकं काय चोरलं?' वर 'पैसे तुम्हीच भरले ना'. अहो, फसवणुकीत माणूस स्वतःच्याच हातानं पैसे देतो! त्यासाठीच तर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 कलम आहे, संगणकावरून सोंग घेऊन फसवण्याचं आयटी कायद्याचं 66 ड आहे. हे मी त्यांना सांगायचं का? पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हेही कुणी आपणहून सांगितलं नाही. लेखी अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका.

फाइल नामंजूर केली तर कुठल्या मिनिटाला, कुठल्या सेकंदाला दोष आहे ते विचारा. खरा तपासणारा ते सांगतो, आणि तपासणीचे पैसे काम देणारा सोसतो, आपण नाही. नमुना मिनिटभराचाच द्या, खाली बारीक संगीत घालून. करारात 'नामंजूर फाइलचे हक्कही आमचेच' असं वाक्य असेल तर सही करू नका. माझ्या करारात ते होतं, सातव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात.

तुमच्याही फाइली अशाच परत आल्या असतील तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन तुम्हीही तक्रार टाका. नंबर ब्लॉक करण्याआधी चॅट उतरवून घ्या, ते त्यांच्या बाजूचे मेसेज पुसतात. माझे निम्मे पुसलेत.