तानसेन समारोहाला जाताय? फोनचं आधी ठरवा

डिसेंबरात ग्वाल्हेरमधल्या हजिऱ्याला तानसेनांच्या समाधीजवळ बसून गाणं ऐकायचं असेल, तर फोनचं काय करायचं हे लष्कर भागातून निघतानाच ठरवावं. व्हिडिओ घ्यायचा, नुसता आवाज टिपायचा, की फोन बंद ठेवायचा?

व्हिडिओ पुण्या-इंदूरच्या नातेवाइकांना लगेच पाठवता येतो, हे खरं. पण ख्याल गायनासाठी तो मला सर्वांत महागात पडणारा वाटतो. आपल्या ग्वाल्हेर गायकीत बंदिशीचे, म्हणजे गायच्या रचनेचे, स्थायी आणि अंतरा हे दोन भाग आधी पूर्ण मांडतात, विस्तार त्यानंतर. नेमक्या त्याच वेळी आपण समोरच्याचं डोकं चुकवत फ्रेम जमवत असतो. बंदिशीचे शब्दच निसटले, तर पुढे बोलतानांत, म्हणजे त्याच शब्दांवर घेतलेल्या तानांत, गायक त्यांचं काय करतोय ते कसं कळणार? हात अडकल्यामुळे ताल धरता येत नाही, समेवर दादही मनापासून जात नाही. शिवाय फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो. हळुवार आलापाबरोबर शेजारची कुजबुजही वर येते. मागच्यांना उजळ पडद्याचा त्रास होतो तो वेगळाच.

मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात केलेला, 2014 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादा भाग झूम करून टिपला, तेव्हा आठवण घटली नाही. मैफल म्हणजे संग्रहालय नव्हे, तरी नीट पाहून काढलेला एखादा फोटो मला त्यामुळे चालण्यासारखा वाटतो. तो तानपुरे जुळत असतानाच काढावा.

गाणं शिकणाऱ्यांना मात्र आवाज टिपणं खरंच उपयोगी आहे. 128 केबीपीएस दर्जाने तासाभराचं रेकॉर्डिंग 60 एमबीच्या आत बसतं. कलाकाराची परवानगी घ्यावी, फोन विमान मोडवर पालथा ठेवावा आणि ते रेकॉर्डिंग कुठेही टाकू नये.

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातल्या सिनेसंगीताच्या कार्यक्रमाला एवढा काटेकोरपणा नको. ती गाणी पाठच असतात; एखादं कडवं चित्रित केलं तर फारसं बिघडत नाही.

समारोहात, शिकत नसाल तर, फोन खिशातच बरा. मुलं बरोबर असतील तर अंतरा संपेपर्यंत त्यांचेही फोन मागून घ्या. बंदिश एकदा कानात बसली की पुढच्या बोलतानांत तिचे शब्द मुलं आपणहून शोधू लागतात.