वॉटरस्लाइड डेकल पेपर: हाताने बांधलेल्या रॉडसाठी वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून मी मासे गरवायच्या रॉडवरची नावं घरीच छापतोय, ए-फोर आकाराच्या वॉटरस्लाइड डेकल पेपरवर, साध्या इंकजेट प्रिंटरने. या कागदावर छापलेली पातळ फिल्म, म्हणजे डेकल, पाण्यात भिजवली की सुटते आणि हव्या त्या जागी सरकवून चिकटवता येते. चोणक आणि तांबोशी गरवायला गोव्यातल्या मांडवी-शापोरा नद्यांच्या काठी जाणारे ओळखीचे लोक रॉड बांधून घेतात. मुठीच्या वर मालकाचं नाव, रॉडची लांबी आणि किती वजनाचा ल्यूर (कृत्रिम आमिष) चालतो एवढं लिहिलेलं त्यांना हवं असतं. या कामाला हा कागद उत्तम आहे. फक्त तो महाग पडतो की स्वस्त, हे सगळं प्रिंटचं बटण दाबण्याआधीच्या कामावर ठरतं.

आधी माप घ्यावं. मुठीजवळ ब्लँक (रॉडची मूळ कोरी दांडी) १२ मिमी जाड असेल तर घेर साधारण ३८ मिमी होतो. समोरून नीट वाचता येतो तो त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणून डेकलची उंची १० ते १२ मिमीच्या वर नेण्यात अर्थ नाही. ६० बाय १० मिमीची डेकल एका ए-फोरवर साठच्या आसपास मावतात. त्यामुळे एका नावासाठी अख्खा कागद प्रिंटरात घालणं ही खरी नासाडी. मी इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान कायम उघडं ठेवतो, ऑर्डर येईल तशी नावं त्यात भरत जातो आणि पान भरलं की छापतो. तातडीचं काम असेल तर कागद मधोमध कापून ए-फाइव्ह करायचा आणि प्रिंटरलाही तेच माप सांगायचं. ‘फिट टू पेज’ बंद आणि स्केल १०० टक्के, हे दर वेळी तपासावं. आधी साध्या कागदावर प्रिंट काढून ती पट्टी ब्लँकवर गुंडाळून बघितली की आकाराची शंका राहत नाही.

नाव देवनागरीत असेल तर बारीक टाइप चालत नाही. अनुस्वार आणि रफार शाईत बुजतात. मुक्तासारखा मोकळा फाँट थोडा ठळक करून अक्षर निदान ५ मिमी उंच ठेवलं की नाव लांबूनही स्वच्छ वाचता येतं.

कागद पारदर्शक घ्यावा की पांढरा, हा प्रश्न सगळेच विचारतात. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते. काळ्या कार्बन ब्लँकवर पारदर्शक फिल्ममधला पिवळा किंवा आकाशी रंग जवळजवळ दिसतच नाही. तिथे पांढरा कागद घ्यायचा, डिझाइनची पार्श्वभूमी काळी भरायची आणि काळ्याच्या आतून कापायचं, म्हणजे कडेला पांढरी रेघ उरत नाही. फिक्या रंगाच्या ब्लँकवर पारदर्शकच छान दिसतो. इंकजेटचा कागद लेझर प्रिंटरात मात्र कधीही घालू नका. आतल्या उष्णतेने फिल्म वितळून रोलरला चिकटू शकते.

इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, म्हणून छापल्यावर क्लिअर अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे हलके थर द्यावे लागतात. पहिला थर अगदी धुक्यासारखा, कारण ओला थर दिला की शाई पसरते. कोरड्या दिवसांत हे काम पटकन उरकतं. जून-जुलैत शाई वाळली असं वाटतं, पण वाळलेली नसते. प्रिंट रात्रभर पंख्याखाली ठेवूनच मी स्प्रे करतो. कोरे कागद सिलिका जेलसकट झिपच्या पिशवीत सपाट ठेवतो, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत ते वळतात आणि प्रिंटरात अडकतात.

चिकटवण्याची जागा गुळगुळीत हवी. ब्लँकवर चऱ्या असतील तर डेकलखाली हवा राहते आणि वरून इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा पारदर्शक लेप) दिल्यावर तिथे चंदेरी डाग दिसतात. म्हणून आधी इपॉक्सीचा एक पातळ थर देऊन तो पूर्ण वाळू द्यावा, मग डेकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवून सरकवावं आणि मऊ ब्रशने मधून कडेकडे पाणी काढावं. वरचा थर दुसऱ्या दिवशी द्यायचा, पावसात त्याहून उशिरा. इपॉक्सी समप्रमाणात मिसळायची असते. मी दोन्ही भाग सिरिंजने मोजतो आणि थर बसेपर्यंत रॉड मोटरवर हळू फिरत ठेवतो.

काटकसरीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. प्रत्येक नाव दोनदा छापावं. चिकटवताना डेकल फाटलं आणि दुसरं हाताशी नसलं, तर त्या एका पट्टीसाठी पुन्हा कागद, पुन्हा स्प्रे, पुन्हा वाळवणं आणि रॉड तसाच अडकून पडलेला. इपॉक्सीखाली खराब डेकल गेलं तर थर घासून काढावा लागतो, आणि त्यात कार्बनला इजा होऊ शकते. सुट्या पट्टीची किंमत त्यापुढे काहीच नाही. उरलेली सुटी पट्टी मी मालकाला रॉडसोबत देऊन टाकतो. पुढेमागे मूठ बदलायची वेळ आली की ती उपयोगी पडते.

वर्षाला एखादाच रॉड बांधणाऱ्याने हा खटाटोप करू नये. त्याला पेंट मार्कर पुरतो, आणि सुवाच्य हस्ताक्षर रॉडवर छानच दिसतं. महिन्याला दोन-तीन रॉड होत असतील तर मात्र कागद जरूर घ्या, सुरुवातीला पांढरा आणि पारदर्शक दोन्हींची लहान पाकिटं.