सकाळी सात वाजता रात्रीचे साडेनऊ: प्रदर्शनात घेतलेल्या रेडिओचा अनुभव

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मी कोथरूडमधील एका मंगल कार्यालयात भरलेल्या प्रदर्शन-विक्रीतून टेबलावर ठेवायचा एक रेडिओ साडेसहा हजार रुपयांना विकत घेतला आणि त्या व्यवहारात मी पुरता फसलो. पैसे बुडाल्याचे वाईट वाटतेच. परंतु ज्या रीतीने तो रेडिओ मला वाजवून दाखवण्यात आला, त्या रीतीने घरातील वृद्धांसाठी चांगला रेडिओ शोधणारा कोणीही माणूस सहज फसेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

रेडिओ हवा होता तो वडिलांसाठी. अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि काचबिंदूमुळे त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. भाच्याने त्यांच्या मोबाइलवर आकाशवाणीचे अ‍ॅप घालून दिले होते, पण गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच लागत नसल्यामुळे दोन दिवसांत त्यांनी तो फोन बाजूला ठेवून दिला. त्यांना हवी होती ती हाताने चाचपता येतील आणि फिरवता येतील अशी दोन मोठी बटणे. पूर्वी घरात मर्फीचा व्हॉल्व्हचा सेट होता. त्याचा परवाना पोस्टातून दरवर्षी नवा करून आणावा लागे, हे मलाही आठवते. त्या सेटवर काम करणारे शेवटचे कारागीर वारले आणि तेव्हापासून तो माळ्यावर पडून आहे. अण्णांची मागणी मोजकीच होती: सकाळी ६.५५ च्या संस्कृत बातम्या, त्यानंतरच्या प्रादेशिक बातम्या आणि दुपारी विविध भारती. विविध भारती पुण्यात एफएमवर १०१ मेगाहर्ट्झला लागते, त्यामुळे तिची अडचण नव्हती. आकाशवाणीचे पुणे केंद्र मात्र मिडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला लागते, आणि खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नसल्यामुळे बातम्यांसाठी रेडिओ घेणाऱ्याला मिडियम वेव्ह सोडून चालत नाही. हे सगळे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी फसलो.

त्या स्टॉलवर पाच-सहा रेडिओ मांडलेले होते. सागवानी वाटणारी पेटी, पितळेसारखी चकाकणारी बटणे, मागून पिवळा प्रकाश पडणारी काचेची डायल आणि तिच्यावर आकड्यांच्या दोन ओळी: वर एफएम, खाली एमडब्ल्यू, म्हणजे मिडियम वेव्ह. जाळीच्या कापडामागे दोन मोठे स्पीकर असावेत असे दिसत होते. विक्रेता पंचविशीतला, अतिशय अदबीने बोलणारा मुलगा होता. ‘‘काका, आधी ऐका, पैशांचे नंतर बोलू,’’ असे म्हणून त्याने एक बटण फिरवले, डायलवरचा काटा सरकला आणि जुनी हिंदी गाणी भरदार आवाजात सुरू झाली. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदिकेचा आवाज आला आणि तिने विविध भारतीचे नाव घेतले. माझी खात्री पटली ती नेमकी तिथे. नुसते गाणे वाजले असते तर ते आत घातलेल्या मेमरी कार्डवरून वाजते आहे की काय, अशी शंका मला कदाचित आली असती. निवेदिका बोलल्यावर ती येण्याचे कारणच उरले नाही. मिडियम वेव्ह लावून दाखवा, असे मी म्हणालो, तेव्हा त्याने वरच्या पत्र्याच्या छताकडे बोट दाखवून ‘‘इथे पत्र्याखाली ती लागत नाही, घरी खिडकीपाशी ठेवा, स्वच्छ लागेल,’’ असे सांगितले. हे उत्तर अर्धे खरे आहे, म्हणूनच ते पचले. पत्र्याच्या छपराखाली आणि लोखंडी सांगाड्याच्या इमारतीत मिडियम वेव्ह खरोखरच मंदावते. पण मंदावणे वेगळे आणि अजिबात न लागणे वेगळे, शिवाय सेट उचलून दाराबाहेरच्या अंगणात न्यायला आम्हाला पन्नास पावलेही चालावे लागले नसते.

किमतीच्या चिठ्ठीवर ११,८०० रुपये होते, घासाघीस होऊन साडेसहा हजारांवर सौदा ठरला. पेटी उचलली तर चांगली जड लागली, आणि जड वस्तू भक्कम असते या जुन्या समजुतीने माझे उरलेसुरले समाधान केले.

त्या रात्री अण्णांनी तासभर गाणी ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः चाचपून बटण फिरवले. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. बाहेरून त्यांचा आवाज आला, ‘‘अरे, सकाळचे सात वाजलेत, आणि ही बाई रात्रीचे साडेनऊ का सांगते आहे?’’ मी बाहेर येऊन ऐकले. तीच निवेदिका, तेच गाणे, आणि त्यानंतर येणार हे मला आदल्या दिवसापासून पाठ झालेले दुसरे गाणे. पेटीच्या मागे, वायर घालायच्या भोकाशेजारी नखाएवढी एक फट होती. चिमट्याने तिच्यातले मेमरी कार्ड बाहेर काढले आणि खोली एकदम शांत झाली. ते कार्ड संगणकाला लावले, तेव्हा त्यात तीनशेहून अधिक गाणी निघाली आणि यादीत सर्वांत वर, रेडिओवरून निवेदनासकट ध्वनिमुद्रित करून घेतलेला पाऊण तासाचा एक तुकडा होता. विक्रेत्याने चुकून असा माल दिला, असे म्हणायला आता जागा उरली नव्हती. हा तुकडा कोणीतरी बसून, विचार करून तयार केलेला होता.

कार्ड काढल्यावर एफएम तेवढे लागत होते, पण स्टेशन बदलायचे तर मागचे एक बारीक बटण दाबून सेटला आपोआप शोधू द्यावे लागे. पुढच्या मोठ्या बटणाने काटा डायलवर इकडून तिकडे फिरे आणि आवाजात तिळमात्र फरक पडत नसे. एमडब्ल्यूवर स्विच नेला की नुसती घूं अशी गुणगुण येई.

दिलेल्या नंबरावर फोन केला. पहिल्या दिवशी ‘‘अँटेना पूर्ण बाहेर काढा’’ असा सल्ला मिळाला. एफएमसाठीची ती उभी दांडी मिडियम वेव्हच्या कामाची नसते, एवढे मला कळत होते, तरी मी ती काढून पाहिली. तिसऱ्या दिवशी ‘‘तुमच्या इमारतीतच मिडियम वेव्ह येत नसेल’’ असे ऐकावे लागले. तेव्हा शेजारच्या जोशीकाकूंकडचा सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर मागून आणला आणि त्याच खिडकीत ठेवला. ७९२ वर पुणे केंद्र खणखणीत लागले. हे सांगायला पुन्हा फोन केला, तेव्हा तो बंद होता, आणि आजतागायत बंदच आहे. प्रदर्शन दोन दिवसांपूर्वीच उठले होते.

शेवटी तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्यांकडे पेटी नेली. त्यांनी मागचे पाच स्क्रू काढले आणि काही न बोलता पेटी माझ्याकडे फिरवली. आत काडेपेटीच्या आकाराचे एक सर्किट होते, ब्लूटूथ आणि पेन ड्राइव्हसाठी सुटे मिळते तसले. दोन मोठ्या जाळ्यांपैकी एकीमागे तीन इंचांचा एकच स्पीकर होता, दुसरीमागे केवळ पोकळी. डायलचा काटा एका दोऱ्याला बांधलेला, दोरा बटणाच्या दांडीला गुंडाळलेला आणि दांडीचे दुसरे टोक मोकळे. स्टेशन बदलणारा गँग कंडेन्सर, म्हणजे बटणाबरोबर फिरणारा भाग, तिथे नव्हताच. एमडब्ल्यूच्या स्विचला दोन तारा जोडलेल्या होत्या, त्यांची दुसरी टोके हवेत होती आणि त्या उघड्या तारांमधूनच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती गुणगुण शिरत होती. पेटीच्या तळाला फरशीचे दोन तुकडे डिंकाने चिकटवलेले होते. माझ्या हाताला भक्कम वाटलेले वजन ते! लाकूडही सागवानी नव्हते, दाबलेल्या भुशाच्या फळीवर लाकडाच्या रेघांचा कागद डकवलेला होता आणि एका कोपऱ्यात तो ओल लागून फुगू लागला होता.

त्या गृहस्थांनी मग कपाटातला एक उघडलेला जुना सेट काढून मला फेराइट रॉड दाखवला: बोटाएवढी जाड, काळी, खडूसारखी ठिसूळ कांडी आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. मिडियम वेव्हच्या घरगुती सेटची खरी अँटेना ही कांडी असते आणि तिला दिशा असते. केंद्राच्या प्रक्षेपकाला ती आडवी असताना आवाज भरपूर येतो, तिचे टोक त्याच्याकडे वळले की आवाज पडतो. म्हणून चालू सेट जागच्या जागी पाव फेरा फिरवून पाहिला आणि आवाज कमीजास्त झाला, तर ते स्टेशन खरोखरच हवेतून येत आहे. मेमरी कार्डवरचे गाणे तुम्ही सेट कितीही फिरवला तरी बदलणार नाही. पेटी न उघडता करता येणारी इतकी सोपी परीक्षा मला साठीच्या उंबरठ्यावर कळली, याचे हसू येते.

पेटीवरच्या चिकटपत्रावर ‘६०० वॅट पीएमपीओ’ असे छापले होते. पीएमपीओ, म्हणजे क्षणभरासाठी मिळू शकणाऱ्या कमाल आवाजशक्तीचा दावा, हा आकडा कोणी काहीही छापावा असाच असतो, पण सोबतच्या अ‍ॅडॅप्टरवरचे बारीक अक्षर मी दुकानात वाचले असते तरी पुरे होते. त्यावर ५ व्होल्ट, २ अँपियर असे होते, म्हणजे गुणाकार करून १० वॅट. भिंतीतून दहा वॅट घेणारी वस्तू सतत सहाशे वॅट आवाज देऊ शकत नाही, हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही. त्याच अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचा (बीआयएस) नोंदणी क्रमांक, म्हणजे ‘आर’ या अक्षरानंतर येणारा आठ आकडी क्रमांक, नव्हता. तो असला तरी बीआयएस केअर या अ‍ॅपवर घालून तो कोणाच्या नावाचा आहे हे पाहता येते. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता, उत्पादनाचा महिना, कमाल किंमत यांतले काहीही छापलेले नव्हते, आणि ही माहिती आवेष्टित मालावर असणे कायद्याने बंधनकारक आहे.

तक्रारीचे सांगायचे तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी बोललो. पलीकडच्या बाई शांतपणे ऐकून घेत होत्या, पण विक्रेत्याचे नाव आणि पत्ता विचारल्यावर माझ्याकडे सांगण्याजोगे काही नव्हते. माझ्या हातातल्या कागदावर ‘एस्टिमेट’ असे लिहिलेले होते, जीएसटी क्रमांक नव्हता, आणि तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का होता. या शिक्क्याला बरेच लोक घाबरतात, मीही थोडा घाबरलो होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा तशीच प्रथा ठरते. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्कही नाही. परंतु हे सगळे अधिकार बजावायचे कोणाविरुद्ध? प्रदर्शनाच्या आयोजकांनी ‘‘आम्ही फक्त जागेचे भाडे घेतो’’ असे सांगून हात झटकले. तक्रार नोंदवली गेली आहे. पैसे परत मिळतील अशी आशा मी ठेवलेली नाही.

दुसरा सेट आम्ही लक्ष्मी रस्त्यावरच्या एका नेहमीच्या दुकानातून, पक्के बिल घेऊन, मूळ किमतीच्या निम्म्याहूनही कमी पैशांत आणला. या वेळी मी आधीच सांगितले की ब्लूटूथ आणि पेन ड्राइव्ह मला ऐकायचे नाहीत, सेट दाराशी आणून ७९२ लावा. दुकानदार जरा वैतागले, पण त्यांनी लावून दिले. पहिला जो सेट त्यांनी काढला, तो आकडे दाखवणारा होता आणि त्यावर ७९० नंतर एकदम ८०० येत होते. अमेरिकेत मिडियम वेव्हची स्टेशने दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या. तिकडच्या बाजारासाठी घडवलेल्या सेटमध्ये हे अंतर बदलण्याची सोय नसेल, तर ७९२ वर तो कधीच नेमका थांबत नाही आणि बोलणे चिरकलेले ऐकू येते. तो बाजूला ठेवला. दुसरा साधा काट्याचा होता: चार इंचांचा स्पीकर, विजेवर आणि सेलवर दोन्हीवर चालणारा. त्याच्यावर बातम्या लावून आवाज अगदी बारीक केला तरी शब्द सुटे सुटे कळत होते, आणि वृद्ध माणसासाठी मला ही परीक्षा जोरदार आवाजापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. पाव फेरा फिरवला, आवाज पडला. घरी आल्यावर थोडी खरखर जाणवली, ती शेजारच्या स्वस्त एलईडी दिव्याची निघाली. दिवा बदलल्यावर गेली. डायलवर ७९२ च्या जागी मी सुती चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून दिला आहे, अण्णांचे बोट बरोबर तिथे थांबते.

यंदाच्या दिवाळीपूर्वी नदीपलीकडच्या एका प्रदर्शनात मला तीच पेटी पुन्हा दिसली. तोच पिवळा प्रकाश, पितळी बटणे, विक्रेता दुसरा, नाव दुसरे, किंमत १३,५००. एक मध्यमवयीन बाई सासऱ्यांसाठी रेडिओ पाहत होत्या आणि पेटीतून गाणी वाजत होती. मी त्या मुलाला मागचे कार्ड काढायला सांगितले.

‘‘काका, हा डिस्प्लेचा पीस आहे,’’ तो म्हणाला, ‘‘ह्याचे कार्ड निघत नाही.’’

मी त्या बाईंकडे वळून त्यांना सेटच्या मागची ती नखाएवढी फट दाखवली.