सदोष वस्तूचा परतावा: आधी बँक की आधी १९१५?

ऑनलाइन मागवलेली वस्तू सदोष निघाली, रिटर्नची विनंती फेटाळली गेली आणि कस्टमर केअरने तेच ठरावीक उत्तर पुन्हा पाठवले, की ग्राहकापुढे प्रामुख्याने दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे विक्रेत्याकडून परत फिरवून, मागणे आणि दुसरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा तिच्या पोर्टलवर तक्रार नोंदवणे. एका प्रिंटरच्या निमित्ताने मला दोन्ही वाटांनी जावे लागले. त्या अनुभवावरून माझे एक मत तयार झाले आहे. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

कोणतीही वाट धरण्यापूर्वी विक्रेत्याकडे किंवा संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केलेली असावी, कारण दोन्ही ठिकाणी सर्वप्रथम तिचीच विचारणा होते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. त्याच नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास अथवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. ‘आमच्या धोरणात बसत नाही’ असे लिहिणाऱ्या कंपनीला हा नियम तिच्याच ईमेलच्या उत्तरात उद्धृत करून पाठवावा. त्याने नेहमी पैसे मिळतातच असे नाही, परंतु पुढच्या उत्तराची भाषा बदलते.

चार्जबॅकची बाजू वरकरणी भक्कम आहे. विक्रेत्याची मनधरणी करावी लागत नाही, वाद बँकांमध्ये कार्ड नेटवर्कच्या नियमांनुसार चालतो आणि अनेकदा तात्पुरती रक्कम खात्यावर लवकर जमा होते. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत अशा वादांसाठी साधारणतः १२० दिवसांची मुदत असते, मात्र आपली बँक फॉर्म किती दिवसांत स्वीकारते हे तिलाच विचारून घेणे बरे. कॅश ऑन डिलिव्हरीने पैसे दिले असतील तर ही वाट मुळातच बंद आहे. यूपीआयच्या ॲपमधील तक्रारीची सोय मला तरी पैसे अडकले किंवा दोनदा कापले गेले अशा व्यवहारांसाठीच उपयोगी वाटली. वस्तूच्या दर्जाबद्दलचे गाऱ्हाणे तिथे नीट मांडताही येत नाही.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझा कौल फिरला ती सांगतो. माझा प्रिंटर सुरू होत असे, दोन-चार पाने छापत असे आणि मग कागद अडकवून थांबत असे. बँकेच्या फॉर्ममध्ये ‘वस्तू सदोष’ हा पर्याय निवडून मी व्हिडिओ, पावती आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडला. तात्पुरती रक्कम जमा झाली आणि काही काळाने ती परत काढून घेण्यात आली. कारण एका ओळीत दिले होते: व्यापाऱ्याने समाधानकारक पुरावा सादर केला आहे. तो पुरावा मी मागितल्यानंतर पाहायला मिळाला. त्यात कुरिअरची पोच आणि डिलिव्हरीच्या वेळी दिलेला ओटीपी, एवढेच होते. वस्तू घरी पोहोचली नाही असे मी कुठेही म्हटले नव्हते. माझा प्रश्न ती चालते का, हा होता आणि त्याचे उत्तर कोणी दिलेही नव्हते, मागितलेही नव्हते. बँकेतील संबंधित व्यक्ती सौजन्याने बोलली, पण व्यापाऱ्याशी थेट बोलण्याचा मार्ग ना तिच्याकडे होता ना माझ्याकडे. कागद एका दाराने आत जातो, निकाल दुसऱ्या दाराने बाहेर येतो आणि मधल्या खोलीत काय झाले ते ग्राहकाला दिसत नाही. पैसे गेल्याचे मला जेवढे वाटले नसेल, तेवढे हे न दिसणे खटकले.

हेल्पलाइनकडे वळताना माझी अपेक्षा फार नव्हती, कारण तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. ती खटल्यापूर्वीची पायरी आहे: तक्रार कंपनीकडे पोहोचवते, उत्तर मागते आणि तडजोड घडते का ते पाहते. कंपनी ठाम राहिली तर डॉकेट, म्हणजे तक्रारीची क्रमांकित नोंद, बंद होऊ शकते. शिवाय कंपनीने ‘प्रश्न सोडवला’ असे कळवले, की आपला प्रश्न सुटला नसला तरी नोंद तशीच दिसू लागते, हा या व्यवस्थेचा खरा दोष म्हणावा लागेल. तरीही डॉकेट क्रमांक टाकून कंपनीने नेमके काय उत्तर दिले ते वाचता येते, हा फरक मला मोठा वाटला. माझ्या तक्रारीवर कंपनीचे पहिले उत्तर रिटर्नची मुदत संपल्याचे होते. मुदतीच्या आतच केलेली पहिली विनंती आणि ती फेटाळणारा ईमेल मी पुढे केला, त्यानंतर परतावा मंजूर झाला. हे हेल्पलाइनमुळे झाले की कंपनीतल्या एखाद्या माणसाने अखेर फाइल उघडून पाहिल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मुद्दा एवढाच की यावेळी मला मिळालेले उत्तर खोडून काढता येण्याजोगे होते. तक्रार मराठीतून करता येते आणि त्यासाठी काही खर्च येत नाही, हेही घरातील ज्येष्ठांसाठी महत्त्वाचे आहे.

इथे अपयश आले तरी कागद वाया जात नाहीत, हा माझ्या मते तिच्या बाजूचा आणखी एक मुद्दा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील नेमण्याची सक्तीही नाही. निकालाची तीन महिन्यांची कालमर्यादा कायद्यात आहे, पण तिच्यावर विसंबून कोणी बेत आखू नयेत. अशा प्रकरणात कंपनीचा लेखी नकार हा उपयोगी कागद असतो आणि तो हेल्पलाइनच्या नोंदीत आयताच मिळतो. चार्जबॅकच्या निकालाच्या त्या एका ओळीचा तसा उपयोग मला करता आला नसता.

दोन्ही वाटा एकाच वेळी धरण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. बँकेकडे वाद चालू असला की कंपनी हेल्पलाइनला ‘प्रकरण बँकेकडे प्रलंबित आहे’ असे कळवून मोकळी होऊ शकते आणि ते खोटेही नसते. विक्रेता गायब झाला असेल, संकेतस्थळ बंद पडले असेल किंवा विक्रेता परदेशातला असून इथे त्याचा कोणी प्रतिनिधीच नसेल, तर मात्र मी क्षणभरही न थांबता बँकेचा फॉर्म भरेन, कारण उत्तर द्यायला कोणी नसेल तर हेल्पलाइन विचारणार कोणाला? नावाजलेल्या, पत्ता आणि तक्रार अधिकारी असलेल्या संकेतस्थळाबाबत मी आधी १९१५ ला पसंती देईन. हेल्पलाइनची वाट पाहताना बँकेची मुदत निसटू नये म्हणून कंपनीला दिलेला एक महिना संपताच हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवावी आणि कंपनी हललीच नाही, तर बँकेच्या मुदतीचे निदान दोन-तीन आठवडे हाताशी असतानाच चार्जबॅकचा फॉर्म द्यावा.