सस्पेन्शनच्या कामानंतर आवाज येतोय? गिअरबॉक्स खोलू देण्याआधी हे वाचा

पुढच्या चाकांचं काम नुकतंच झालंय आणि आता गाडीतून कुठून तरी 'टक' असा आवाज येतोय, अशा प्रत्येकासाठी हे लिहितेय. माझ्याकडून गिअरबॉक्सच्या अशा कामाचे पैसे घेतले गेले जे झालंच नव्हतं. खरा दोष होता त्याच गॅरेजने सैल ठेवलेल्या एका नटाचा.

गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल गिअरची. पुढचे शॉकअब्सॉर्बर, लोअर आर्म आणि बॉल जॉइंट बदलून घेतले. खड्ड्यातली खडखड गेली, पण त्याच दिवशी नवं दुखणं सुरू झालं. क्लच सोडून गाडी हलली की टक, रिव्हर्स टाकला की पुन्हा टक, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की खाली काहीतरी ढिलं असल्यासारखा हिसका. कामाला देण्याआधी यातलं काही नव्हतं.

परत नेली तेव्हा मेकॅनिकने चाकाला हातही लावला नाही. सरळ गिअर ऑइलचा ड्रेन प्लग काढून माझ्यासमोर धरला. त्याच्या चुंबकावर करड्या रंगाचा लेप होता. "ताई, हा बघा लोखंडाचा कीस. डिफरन्शियल गेलाय, गिअरबॉक्स खोलावाच लागेल." डिफरन्शियल म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर. अशा गाडीत ते गिअरबॉक्समध्येच असतात. हा पुरावा बघणाऱ्याला घाबरवतो, म्हणून नीट समजून घ्या. प्लगला चुंबक असतो तोच मुळी गिअर घासून निघणारी बारीक पूड धरून ठेवायला. बोटांत चोळल्यावर मऊ लागणारा असा लेप वापरातल्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये सापडतो. काळजी करायची ती टोचणारे कण, पातळ पापुद्रे किंवा दातांचे टवके दिसले तर. माझ्या प्लगवर तसं काहीच नव्हतं.

बिलात बेअरिंग, सील, ऑइल आणि भरभक्कम मजुरी लागली. गाडी हातात आली तेव्हा आवाज बंद होता, आणि फसवणूक पचते ती इथेच. आवाज थांबला म्हणजे निदान बरोबर होतं असं आपण धरून चालतो. थोड्याच दिवसांत टक परत आला, आणि सोबत वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर.

मग दुसऱ्या मेकॅनिकला दाखवली. त्यांनी काही खोलायच्या आधी एकच विचारलं, "याआधी काय काय सोडवलं होतं?" गाडी जॅक करून स्टँडवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं, तर स्पष्ट प्ले, म्हणजे ढिलेपणा. मला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. प्ले नाहीसा झाला. ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि नकल (चाकाला धरणारा, न फिरणारा भाग) एकमेकांना धरून राहतात. त्यामुळे ढिलेपणा गेला तर संशय व्हील बेअरिंगवर आणि हबवर (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा मधला भाग). तसाच राहिला तर बॉल जॉइंट, आर्मचे रबरी बुश वगैरे बघायचे. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर प्ले जाणवला, तर टाय रॉडही (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) तपासतात.

हबची टोपी काढल्यावर सगळं उघड झालं. एक्सलचा, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा, मोठा नट जुनाच होता. या प्रकारच्या नटाची कडा ठोकून एक्सलच्या खाचेत बसवतात. एकदा वाकवलेली ती कडा पुन्हा भरवशाने धरत नाही, म्हणून नट खोलला की नवाच टाकायचा असतो. माझ्या नटावर दोन ठिकाणी ठोकल्याच्या खुणा होत्या आणि कडा चिरली होती. असे नट मॉडेलप्रमाणे साधारण 200 न्यूटन-मीटर किंवा त्याहूनही जास्त टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळतात. हा साध्या पान्याने सहज फिरला. नट सैल असला की एक्सलच्या स्प्लाइन (टोकावरचे लांबट दाते) हबमध्ये सरकतात, तोच तो टक. बेअरिंगवरचा दाबही सुटतो आणि चांगलं बेअरिंग खराब होतं, ती घरघर. मधल्या काळात कुणीतरी हा नट पुन्हा आवळून ठोकला होता. आवाज तेवढ्यापुरता गेला तो त्यामुळे.

आणि गिअरबॉक्स? केसिंगच्या सांध्यावर कंपनीचा मूळ सीलंट अखंड होता, बोल्टांच्या डोक्यांवर जुनी माती घट्ट बसलेली आणि पाना लागल्याची एकही खूण नव्हती. बदललं होतं ते फक्त ऑइल. मला याचाच सगळ्यात जास्त संताप आला. सैल नट दिसलेला असूनही चाकासारख्या गोष्टीत ग्राहकाला अंधारात ठेवणं हे जिवाशी खेळणं आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी जे खोललं होतं तेच आपल्यासमोर तपासून मागा: हबचा नट नवा टाकला का, टॉर्क रेंच वापरला का, लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना आवळले का. चाक हवेत लोंबकळत असताना ते आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शॉकअब्सॉर्बर काढताना एक्सल नुसता लोंबकळत सोडला तर आतला जॉइंटही निसटू शकतो, तेही विचारा. गिअरबॉक्स खोलायचाच म्हणत असतील तर केसिंगचे फोटो आधी आणि नंतर काढा, आणि जुने बेअरिंग परत मागायचे हे काम सुरू होण्यापूर्वीच लिहून घ्या.

मी जुने पार्ट मागितले तेव्हा "भंगारात गेले" असं उत्तर मिळालं. मजुरीतला काही भाग परत द्यायला मालक तोंडी तयार झाले, लिहून द्यायला नाही. केसिंगचे आणि नटाचे फोटो, दोन्ही बिलं आणि दुसऱ्या मेकॅनिकने लिहून दिलेलं निदान जोडून मी लेखी तक्रार केली आहे. काढलेला नट मी जपून ठेवला आहे, तो तपासायला द्यायची माझी तयारी आहे.