पचनसंस्थेचं मॉडेल: घ्या, फक्त सुतळी वेगळी आणा

सातवी-आठवीला सायन्स शिकवते. शाळेसाठी हे बोर्डवर बसवलेलं प्लास्टिकचं मॉडेल पावणेतीन हजाराला मागवलं, एक पूर्ण टर्म पोरांनी हाताळून झालंय म्हणून आता लिहितेय.

सगळ्यात आवडलं ते यकृत. लोहचुंबकावर बसतं, सुटं निघतं आणि खाली हिरवं पित्ताशय दिसतं. तक्त्यावर सगळं एकावर एक काढलेलं असतं त्यामुळे दरवर्षी कितीतरी पोरं पेपरात लिहितात की अन्न यकृतातून पुढे जातं. आता मी एकेकाला बोलावून तोंडापासून बोट फिरवायला लावते, अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, आणि बोट यकृतात कुठेच शिरत नाही. मग पित्तनलिकेवर बोट ठेवायचं, यकृतात तयार झालेलं नि पित्ताशयात साठलेलं पित्त कुठे येऊन पडतं ते कळतं. जठराचा पुढचा भाग काढला की मागे आडवं स्वादुपिंड, त्याची नळीपण तिथेच, लहान आतड्याच्या सुरुवातीला येते. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे रस इकडे येतात, अन्न तिकडे जातच नाही!" एवढ्यासाठी मी हे परत घेईन.

आता कमी काय ते. लहान आतडं एकाच गोळ्यात ओतलंय, सुटं होत नाही, लांबीचा काही अंदाजच येत नाही. मोठ्या माणसात ते साधारण 6 मीटर असतं आणि मोठं आतडं जेमतेम दीड मीटर, नाव जाडीवरून पडलंय, आणि पोरं नेमकी इथेच गोंधळतात. शेवटी 6 मीटर सुतळी व्हरांड्यात ताणून धरायला लावली, तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे मोठे झाले. आतड्याच्या आतले बोटांसारखे बारीक उंचवटे पण दाखवलेले नाहीत, पचलेलं अन्न रक्तात जातं ते तिथूनच, एक कापलेला तुकडा तरी द्यायला हवा होता.

आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) फार नाजूक, पहिल्याच महिन्यात तुटलं, फेव्हिक्विकने चिकटवलंय. नंबरांची यादी फक्त इंग्रजीत येते, मराठी माध्यमाच्या पोरांनी काय करायचं, आम्ही पुस्तकातली नावं कागदावर लिहून चिकटवली.

आणि हो, मॉडेल समोर असलं की यकृत आपल्या डाव्या हाताला दिसतं, शरीरात ते उजवीकडे असतं. बोर्ड हलका आहे, एखाद्या मुलाला तो स्वतःच्या पोटाशी धरायला लावून वर्गासमोर उभं करा, लगेच समजतं.

चार स्टार. पॅकिंग चांगलं होतं.